भुलीच्या बाईंनी मागितलेली किल्ली

जालना जिल्ह्यातल्या निम्म्या माणसांना आमच्या भुलीच्या बाईंनी झोपवलेलं आहे आणि त्यांतल्या एकालाही बाईंचा चेहरा आठवत नाही. हे विधान मी पूर्ण जबाबदारीनं करतो आहे. कोणाला खोटं वाटत असेल तर त्यानं मोंढ्यात उभं राहावं आणि समोरून येणाऱ्या कोणत्याही दहा माणसांचे सदरे वर करून पाहावेत. अपेंडिक्स, हर्निया, मुतखडा, काही ना काही सापडेलच. ती शिवण माझी असेल नाहीतर माझ्या एखाद्या व्यवसायबंधूची असेल, पण ती घातली जात असताना त्या माणसाच्या उशाशी, हिरव्या टोपीत केस कोंबून, एक बुटकी, रुंद बांध्याची बाई स्टुलावर बसलेली होती एवढं नक्की. शिवणाऱ्याचं नाव विचारलंत तर तो माणूस लगेच सांगेल, वर पेढे घेऊन गेलो होतो तेही सांगेल. झोपवणाऱ्याचं विचाराल तर डोकं खाजवेल आणि म्हणेल, "होती एक बाई. भाजी कोणची केली म्हनून मायला विचारत होती."

तो भाजीचा प्रश्न म्हणजे बाईंचा शोध. भूल द्यायची तर पोट रिकामं हवं, नाहीतर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं आणि पेशंट जिवाला मुकतो. म्हणून आम्ही सगळे विचारतो, "काही खाल्लं का?" आणि सगळे नातेवाईक एकमुखानं सांगतात, "न्हाई साहेब, सकाळपासून पाण्याचा थेंब न्हाई." हे उत्तर म्हणजे ऑपरेशन पुढं ढकलू नये म्हणून केलेली प्रेमळ लबाडी असते. बाई हे विचारतच नसत. त्या पेशंटच्या आईशेजारी जाऊन बसायच्या, पदरानं घाम पुसायच्या आणि गप्पांच्या ओघात म्हणायच्या, "आज भाजी कोणची केल्ती ओ माय?" माय भाबडेपणानं सांगायची, "मेथीची." "चांगली झाल्ती का?" "हाव. यानं तं दोन भाकरी खाल्ल्या." मग बाई उठायच्या आणि मला सांगायच्या, "सर्जन, हात धुवू नको. मेथी है आत." चौदा वर्षांत या परीक्षेतून निसटलेली आई मी पाहिली नाही.

मला त्या "सर्जन" म्हणायच्या. नावानं कधी नाही. मी या गावात दवाखाना थाटला तेव्हा माझं वय तीस आणि बाईंचं पन्नाशीच्या आसपास. पहिल्याच दिवशी मी अदबीनं "मॅडम" म्हणालो तर त्यांनी मागं वळून पाहिलं. "कोन आलं? तहसीलदारीन बाई आल्या का?" तेव्हापासून मी बाई म्हणतो. बाई जाफराबादकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या. डॉक्टर झाल्या, पुढं भूलशास्त्र शिकल्या, मोठमोठ्या शहरांत राहिल्या, पण बोली मात्र गावाहून जशी नेली तशीच परत आणली. पांढरपेशा डॉक्टरांच्या सभेत आम्ही इंग्रजीतून तोंड वाकडं करत असताना बाई मध्येच, "हे काय खरं न्हाई बगा," असं म्हणून सगळ्या चर्चेची हवा काढून घेत. लोक हसायचे. बाईंना त्याचं काही वाटत नसे, आणि आता मागं वळून पाहताना मला मात्र त्या हसणाऱ्या लोकांत मीही होतो याचं फार वाटतं.

बाई नमस्कार करत नसत. त्या मनगट धरत. तुम्ही हात पुढं केला की तो हातात घ्यायच्या आणि बोटं सरकवून नाडीवर ठेवायच्या, आणि मग तुम्ही कोणीही असा, ठोके मोजून होईपर्यंत सुटका नाही. माझ्या लग्नात त्यांनी माझी आणि बायकोची नाडी एकाच वेळी धरली आणि भटजींसमोर जाहीर केलं की नवरीची शांत आहे, नवऱ्याला पाणी पाजा. दवाखान्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं तेव्हा तर कहरच झाला. प्रमुख पाहुणे बडे गृहस्थ. त्यांनी फोटोसाठी हात पुढं केला. बाईंनी तो धरला आणि सोडेचनात. फोटोवाला खोळंबला, हारवाला खोळंबला. मिनिटभरानं बाई म्हणाल्या, "साहेब, मधून मधून ठोका चुकून राह्यला. तपासून घ्या. आन् भाषन आज बारीक करा." साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी तीन मिनिटांत भाषण आटोपलं. त्या दिवशी मांडवात बसलेल्या लोकांनी बाईंना मनापासून दुवा दिला असेल.

त्यांची एक करड्या रंगाची बॅग होती. परतूरला केस असली की बाई ती मांडीवर घेऊन रेल्वेनं जायच्या, जाफराबादला असली की काळीपिवळीत ड्रायव्हरच्या शेजारी बसायच्या, आणि गावात असली की स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ती उभी करायच्या. बॅग जमिनीवर ठेवलेली मी कधी पाहिली नाही. एकदा काळीपिवळीवाल्यानं विचारलं म्हणे, "बाई, इतकं काय संबाळून राह्यल्या? बॉम्ब है का त्यात?" "बॉम्बच है. हळू चालव, न्हाई तं तुझ्यावरच वापरावा लागंल," बाई म्हणाल्या. बॅगेत वरच्या कप्प्यात भाकरी आणि ठेचा, खालच्या कप्प्यात नळ्या, इंजेक्शनं आणि चिकटपट्टीचं रीळ. चिकटपट्टी अशासाठी, की औषध सिरिंजमध्ये भरलं की बाई तिच्यावर पट्टी लावून ठळक अक्षरांत मराठीत लिहायच्या. "झोप". "ढिल्लं". "जागं". "बीपी चढव". औषधांची लांबलचक इंग्रजी नावं घाईत सारखीच दिसतात, आणि घाईत चुकीची सिरिंज उचलली की माणूस जातो, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे केरळहून आलेली एक सिस्टर होती. तिनं मराठी शिकायला सुरुवात केली ती या सिरिंजांवरून. तिचं आयुष्यातलं पहिलं मराठी वाक्य होतं, "बाई, झोप भरली, ढिल्लं भरू का?"

आणि एक नियम. नाडी स्वतःच्या बोटाला लागल्याशिवाय बाई सुईला हात लावत नसत. समोर हजारो रुपयांचं यंत्र आकडे दाखवत असलं तरी. मी कधी घाई केली, घड्याळाकडं पाहिलं, की त्या शांतपणे म्हणायच्या, "पेशंट तुझा पोटापुरता है. बाकी सगळा माझा." मला या वाक्याचा भयंकर राग यायचा. सर्जन म्हणजे दवाखान्याचा राजा असं मला तेव्हा वाटत असे.

आता ज्या दिवसासाठी हे सगळं सांगतो आहे, त्या दिवसाकडं येतो. या गोष्टीत मी काही फार शोभून दिसत नाही, पण सांगायची तर खरी सांगायची.

रामनवमीनंतरचे दिवस होते. भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नाही अशा उन्हात, दवाखान्याच्या दाराशी एक जीप येऊन थांबली. जांब समर्थला रामाचं दर्शन घेऊन नवराबायको मोटारसायकलवर परत येत होते. बायको मागं बसलेली. तिचा पदर चाकात गेला आणि ती रस्त्यावर फेकली गेली. अंगणवाडीत काम करणारी, गावात सगळे ताई म्हणायचे. वय तिशीच्या आत. नवऱ्याच्या हातात प्रसादाची पिशवी तशीच होती, ती कुठं ठेवावी हे त्याला सुचत नव्हतं. ताईंना हाक मारली तर डोळे उघडत नव्हत्या, चिमटा काढला तर नुसता हात हलायचा. डोक्याला मार होता हे उघड होतं. पण पोटही फुगलं होतं. आत प्लीहा फुटून रक्त वाहत होतं. बीपी सत्तर.

म्हणजे एकाच देहात दोन पेशंट होते. पोट आत्ताच्या आत्ता उघडायला हवं होतं, आणि श्वासनलिकेत नळी घालून डोकं सांभाळायला हवं होतं. त्यासाठी आधी भूल. मी औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, मेंदूच्या एका बड्या सर्जनला फोन लावला. ते म्हणाले, "पोट आवरा आणि लगेच पाठवा. नळी घालताना भुलीसाठी पेंटोथाल द्या. आणि एक लक्षात ठेवा, केटामाइनला हात लावायचा नाही. डोक्यातला दाब वाढतो." त्यात त्यांचं काही चूक नव्हतं. आम्हा सगळ्यांच्या पुस्तकांत तेच लिहिलेलं होतं. परीक्षेत हा प्रश्न आला की डोळे मिटून हेच उत्तर लिहायचं, डोक्याला मार असेल तर केटामाइन नको. मीही ते लिहून पास झालो होतो.

बाई दहा मिनिटांत आल्या. स्कूटर उन्हातच टाकली, बॅग घेऊन आत आल्या आणि ताईंचं मनगट धरलं. बराच वेळ धरलं. मग बोटं गळ्याकडं नेली. मनगटात नाडी लागत नव्हती. मी फोनवरचं सगळं सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि माझ्यापुढं हात पसरला.

"किल्ली दे."

केटामाइन हेही भुलीचंच औषध, पण कुलपात ठेवायचं. आमच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात असायची.

"बाई, सर नको म्हणालेत," मी म्हणालो.

"सरांनी हिची नाडी पाह्यली का? पेंटोथालनं बीपी पडतं. ते दुधावानी पांढरं प्रोपोफॉल, त्यानंबी पडतं. सत्तरचं पन्नास झालं का ही हितंच जाईन. तिसरं एक चांगलं औषध है, पन ते औरंगाबादच्या दुकानात है, आपल्या कपाटात न्हाई. बीपी न पाडनारं ऱ्हायलं काय?"

"पण डोक्यातला दाब..."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "तू जालन्यात ऱ्हातो ना रे? वरच्या मजल्यावर पानी चढत न्हाई तव्हा काय करतो? खालच्या मोटरीला दम पाहिजे ना? डोकं म्हंजे वरचा मजला. हितं मोटरच बंद पडून राह्यली, आन् तू वरच्या टाकीचं झाकन घट्ट है का पाहून राह्यला. आधी पानी तं चढू दे. किल्ली दे."

आमच्या गावात नळाला पाणी कधी येतं आणि आलेलं गच्चीवर कसं चढत नाही हे ज्याला माहीत आहे, त्याला यापेक्षा सोपं कोणी समजावून सांगू शकणार नाही. मलाही समजलं. समजलं, पण पटवून घेण्याची हिंमत झाली नाही. दवाखान्याच्या पाटीवर नाव माझं होतं. बाहेर जीपभर माणसं उभी होती. मी म्हणालो, "आणि उद्या काही झालं तर?"

"तं माझं नाव लिही," बाई म्हणाल्या.

दुसरा कोणी असता तर त्यानं ते ऐकून किल्ली दिली असती. बोलण्याची एक पद्धत असते, ती समजून घ्यायची असते. मी काय केलं असेल? मी खरोखरच लिहायला बसलो. केस पेपर ओढला, पेन काढलं आणि स्वच्छ अक्षरांत दोन ओळी लिहिल्या. डोक्याच्या मारात केटामाइन न देण्याविषयी भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगितले होते, तरी त्यांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर दिले. खाली सही. औषध अजून दिलंही नव्हतं. बाई ताईंच्या उशाशी उभ्या होत्या, एक हात गळ्यावर, दुसरा माझ्याकडं पसरलेला, आणि मी सहीखाली रेघ ओढत होतो. मग किल्ली दिली.

त्यांनी नेहमीपेक्षा कमी औषध घेतलं. सिरिंजवर पट्टी लावली, "झोप" लिहिलं. त्याही गडबडीत लिहिलं. नळी घातली. बीपी पडलं नाही. होतं तिथंच अडून बसलं, पण पडलं नाही. मी पोट उघडलं, रक्त उपसलं, प्लीहेची धमनी पकडली. वरून रक्ताच्या पिशव्या चालू होत्या. थोड्या वेळानं पडद्यापलीकडून बाईंचा आवाज आला, "सर्जन, नाडी मनगटात आली." आमच्या धंद्यात मी पुष्कळ मोठमोठी वाक्यं ऐकली आहेत, पण यापेक्षा चांगलं वाक्य मला आठवत नाही.

अँब्युलन्समधून औरंगाबादपर्यंत बाई स्वतः गेल्या, हातानं फुगा दाबून ताईंना श्वास देत. तिथं डोक्यातली गुठळी काढली. ताई वाचल्या. महिन्याभरानं पायांनी चालत माझ्या दवाखान्यात आल्या. नावं थोडी विसरायच्या, वास येत नाही म्हणायच्या, पण अंगणवाडीतल्या पोरांची गाणी सगळी पाठ होती. नवऱ्यानं पेढ्यांचा खोका माझ्या टेबलावर ठेवला आणि माझे पाय धरले. मी ते धरू दिले. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. ताईंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि ओळख नसलेल्या माणसाकडं पाहून हसतो तसं हसल्या. ते लोक गेल्यावर मी ओशाळून काहीतरी म्हणालो. बाई पेढा खात म्हणाल्या, "मला विसरले म्हंजे माझं काम बराबर झालं."

एवढ्यावर संपलं असतं तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. पुढच्याच महिन्यात आमच्या डॉक्टरमंडळींची सभा होती आणि व्याख्यानाला तेच मेंदूचे सर्जन आले होते. विषय, डोक्याचा मार. काय करू नये हे सांगताना त्यांनी नाव न घेता आमची केस सांगितली, आणि पेशंटबरोबर गेलेल्या कागदाची प्रत काढून माझ्या दोन ओळी मोठ्यानं वाचल्या. "पाहा, सर्जन बिचारे सांगत होते," ते म्हणाले. "ती पेशंट वाचली हे तिचं नशीब." सगळ्या माना बाईंकडं वळल्या. गावात भूल देणाऱ्या बाई होत्या कितीशा?

बाई उठून उभ्या राहिल्या. "सर, तुमच्या पुस्तकात जी पेशंट है, तिचं बीपी किती होतं?"

सर हसले. "नॉर्मल धरायचं."

"माझ्या पेशंटचं सत्तर होतं. पुस्तकातलीची आन् हिची एकदा गाठ घालून द्या. दोघी मिळून ठरवतील काय घ्यायचं ते."

हशा झाला. तो बाईंच्या बाजूनं नव्हता. बाई तशाच उभ्या राहिल्या, हसू थांबेपर्यंत. मग म्हणाल्या, "पुन्हा अशी पेशंट आली तं पुन्हा तेच देईन. आजच सांगून ठेवते." आणि बसल्या. मला वाटलं त्या माझ्याकडं पाहतील. मी तयारीही करून ठेवली होती, जमिनीकडं पाहण्याची. त्यांनी पाहिलंच नाही. त्या वेळी मी उठून एवढंच म्हणायला हवं होतं की तिथं मी होतो, नाडी लागत नव्हती, बाई म्हणतात ते खरं आहे. एवढी तीन वाक्यं. मी पाणी प्यायलो.

त्यानंतर गावातल्या तीन दवाखान्यांनी बाईंना बोलावणं बंद केलं. कारण कोणी सांगितलं नाही. "बाईंचं वय झालं आता," असं आपापसांत म्हणायचे. बाईंचं वय काही एका महिन्यात झालं नव्हतं. त्या परतूरला जास्त जायला लागल्या, जाफराबादला जास्त जायला लागल्या. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मात्र माझ्या ऑपरेशन थिएटरच्या दारात करडी बॅग घेऊन उभ्या होत्या. "केस कोणची है?" एवढंच विचारलं. मी "हर्निया" म्हणालो. "भाजी कोणची?" त्या म्हणाल्या आणि पेशंटच्या आईकडं गेल्या. पुढची कितीतरी वर्षं आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहिलो आणि त्या दोन ओळींबद्दल एक अक्षर बोललो नाही. बाईंनी मनात धरलं नव्हतं म्हणून त्या बोलल्या नाहीत. मी मनात धरलं होतं म्हणून बोललो नाही.

मग गुडघ्यांनी दगा दिला आणि बाई जाफराबादजवळ आपल्या गावी राहायला गेल्या. आता माझ्याकडं परतूरची एक तरुण मुलगी भूल द्यायला येते. हुशार आहे, सिरिंजांवर रंगीत छापील पट्ट्या लावते. गेल्या महिन्यात तशीच केस आली. ट्रॅक्टरवरून पडलेला माणूस, डोक्याला मार, मांडीचं हाड मोडून रक्त गेलेलं, बीपी पंच्याहत्तर. पोरीनं माझ्यापुढं हात केला. "सर, केटामाइनची किल्ली द्या ना." "डोक्याचा मार आहे हं," मी म्हणालो, नुसतं ती काय म्हणते ते ऐकावं म्हणून. ती म्हणाली, "हो, पण बीपी नाही ना सर. आता सगळीकडे हेच देतात." आणि किल्ली घेऊन गेली. कोणी काही लिहिलं नाही. कोणी सभा घेतली नाही. ज्याच्यापायी बाईंना तीन दवाखाने बंद झाले ते आता सगळीकडे देतात, आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्या मुलीला वाटलंही नाही. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मला इतका संताप आला. कोणाचा ते ठरवायला मला दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी मी जुन्या कागदांच्या खोलीत शिरलो, ताईंचा केस पेपर शोधला आणि जाफराबादचा रस्ता धरला.

बाई अंगणात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. केस पांढरे झाले आहेत, अंग उतरलं आहे. "कामून आला रे सर्जन? कोन आजारी है?" मी सांगितलं, त्या मुलीचं, ट्रॅक्टरवाल्याचं, किल्लीचं. मला वाटलं बाई म्हणतील, पाहिलंस, मी म्हणत होते ना. त्या म्हणाल्या, "मंग? बीपी किती राह्यलं त्याचं?" मी म्हणालो, राहिलं, वाचला. "बरं झालं," म्हणून त्या पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

मग मी कागद काढला. इतक्या वर्षांत मनात घोळवलेलं बोलणं ऐनवेळी आठवेना. मी म्हणालो, "बाई, या दोन ओळी मी लिहायला नको होत्या. सभेत मी उठायला हवं होतं. तुमच्यासमोर हे फाडून टाकतो आणि जातो."

"हात लावू नको," बाई म्हणाल्या. चष्मा लावला, कागद माझ्या हातातून घेतला. माझ्या ओळींवरून त्यांची नजर सरळ पुढं गेली आणि पान उलटून त्यांनी त्यांचा स्वतःचा तक्ता काढला, दर दोन मिनिटांनी बीपी टिपलेला. वाकड्या झालेल्या बोटानं त्या एकेक आकडा वाचू लागल्या. "हितं तू धमनी पकडली. हे बघ, नव्वद. हे शंभर. चढलं बघ कसं." त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की ताई जणू आत्ता समोर निजल्या होत्या. मीही वाकून पाहू लागलो. तक्त्याच्या सुरुवातीला, औषध दिल्याच्या खुणेच्या आधी, तीन आकडे होते. बहात्तर. सत्तर. सहासष्ट.

"हे काय आहे बाई?" मी विचारलं. "औषधाच्या आधीच पडत होतं?"

"हाव," बाई म्हणाल्या. "तू लिहून राह्यल्ता ना, तव्हाचं है ते."

त्यात टोमणा नव्हता. त्यांनी ते नोंद वाचावी तसं वाचलं आणि बोट पुढं सरकवलं. मी कागद परत मागितला नाही. घड्या घालून त्यांनी तो करड्या बॅगेत ठेवला. बॅग अजून खाटेवरच होती, जमिनीवर नाही.

मी निघायला उठलो आणि सवयीनं हात पुढं केला. बाईंनी मनगट धरलं, बोटं नाडीवर सरकवली आणि डोळे मिटून मोजू लागल्या. मी उभा राहिलो. पूर्वी या मिनिटाचा मला कंटाळा यायचा. मोजून झालं तरी त्यांनी हात सोडला नाही.

"लई पळून राह्यली," त्या म्हणाल्या. "बस जरा. चहा घे, मंग जा."

मी बसलो.